जुन्या मत्स्यपेटीची स्वच्छता

मलकापूरच्या पश्चिमेस आंबा घाट आहे आणि त्या बाजूस पावसाळ्यात पाण्याची वाण नसते. तरीही उन्हाळा आला की डोंगरकपारीच्या वाड्यांवर घरोघरी हौद, रांजण व पिंपे भरून ठेवावी लागतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्या अळ्या खाणारे गप्पी मासे गावातच पैदा करून ठेवावयाचे तर शाळेच्या किंवा उपकेंद्राच्या पडवीत काचेची एक पेटी पुरते. ती नवीच हवी असे नाही. कोणाच्या माळ्यावर पडलेली, पांढऱ्या पुटाने व वाळलेल्या शेवाळाने आंधळी झालेली पेटीही कामास येते.

पेटी घासण्यापूर्वी ती गळते की नाही हे पाहावे, नाहीतर सारा खटाटोप वाया जातो. सपाट जागी ठेवून थोडे थोडे पाणी भरावे व एक रात्र जाऊ द्यावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते, म्हणजे वजनही तितकेच किलो. भरलेली पेटी उचलू नये.

पांढरे पुट बहुधा चुनखडीचे असते. काळ्या खडकातील विहिरींच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात; पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार काचेवर राहतात. नुसत्या पाण्याने व घासण्याने ते निघत नाहीत, आम्ल मात्र त्यांना विरघळविते. पेटी रिकामी करून आडवी ठेवावी, जुन्या धोतराचा तुकडा शिरक्यात किंवा लिंबाच्या रसात भिजवून डागावर पसरावा व तासभर ओला राखावा. बारीक फेस आला म्हणजे काम सुरू झाले असे समजावे. जाड थर असल्यास हेच दोनतीनदा करावे. मोरी धुण्याचे तीव्र आम्ल वापरू नये. साबण व कपडे धुण्याची पूडही नको. सांध्यांत राहिलेला अंश माशांना मारतो. इतके करूनही काच धुरकट राहिली तर ती झिजलेली आहे असे समजून सोडून द्यावे. माशांना त्याचे काही वाटत नाही.

चुन्याचा थर सुटला की त्यात अडकलेले शेवाळही सैल होते, म्हणून आम्लाचा क्रम आधी. उरलेले शेवाळ ओल्या काचेवर दाढीचे पाते तिरपे धरून खरवडावे. कोपऱ्यातील सिलिकोनच्या सांध्याला पाते लागू देऊ नये. पेटी प्लॅस्टिकची असेल तर पात्याऐवजी मऊ कापड घ्यावे.

यानंतर पेटी भरपूर पाण्याने धुवावी. आम्लाचा थेंबही उरता कामा नये, कारण ब्लीचिंग पावडरशी आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. दहा लिटर पाण्यास दोन चमचे पावडर कालवून वरची निवळ तेवढी घ्यावी. खालच्या गाळात चुनाच असतो. ही निवळ अर्धा तास पेटीत ठेवून ओतून द्यावी, पुन्हा धुवावे आणि दोन दिवस उन्हात वाळवावे.

खरवडण्याचा हाच धडा घरच्या हौदालाही लागू आहे, किंबहुना तेथे तो अधिक महत्त्वाचा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात व कोरडी राहूनही काही महिने जिवंत असतात. हौद नुसता रिकामा केल्याने ती जात नाहीत. पुन्हा पाणी भरले की अळ्या निघतात. आठवड्यातून एकदा हौद उपसून भिंती ब्रशाने घासणे हाच उपाय.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग मासे सोडावेत. पेटीवर थेट ऊन पडू देऊ नये, खाणेही बेताचे घालावे. प्रकाश व कुजणारे अन्न मिळाले की शेवाळ पुन्हा फोफावते. घटलेल्या पाण्यावर नुसती भर घालीत राहिल्यास क्षार साठत जातात, यास्तव दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी काढून ताजे घालावे. गप्पीची मादी सुमारे महिन्याने पिले देते. मोठे मासे ती खातात, म्हणून लपण्यास थोडी पाणवनस्पती असावी.

जास्तीचे मासे हौदात किंवा बंदिस्त टाक्यात सोडावेत. कडवी नदीत वा ओढ्यात कदापि नव्हे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा आहे, आणि ओढ्यातील देशी मासे अळ्या खातातच.