तंबूचें दुसरें छप्पर

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुटींत आमच्या शाळेचें बालवीर पथक तीन रात्रींच्या मुक्कामासाठीं घाटमाथ्यावर गेलें होतें. मुलांची देखरेख आमच्याकडे होती. तंबू जाड सुती कापडाचे, वर आढें, चारी बाजूंस कंबरेइतक्या उंच कनाती, असे चांगले ऐसपैस होते. मात्र त्यांस छत एकेरी होतें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पश्चिमेकडे हस्ताचे ढग दाटले, तेव्हां आम्हीं घाईघाईनें एका तंबूवर प्लास्टिकची निळी ताडपत्री पसरली, तिचीं टोकें तंबूच्याच तणाव्यांस बांधलीं, आणि आपण मोठी दूरदृष्टि दाखविली अशा समाधानांत निजलों. मध्यरात्रीनंतर पाऊस आला. ताडपत्रींतून एक थेंबहि आंत आला नाहीं. तरी तीनच्या सुमारास त्या तंबूंतील मुलें ओलीं होऊन जागीं झालीं, आणि तीं उठतात न उठतात तोंच एका बाजूच्या मेखा उपटून तंबू त्यांच्या अंगावर आला. कोणास इजा झाली नाहीं. परंतु त्यांतील एका मुलास दम्याचा विकार होता. त्यास उचलून जवळच्या धर्मशाळेच्या ओसरीवर न्यावें लागलें, व उजाडेपर्यंत त्याची छाती वाजत होती.

परत आल्यावर त्याची आई शाळेंत आली. ती रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "मास्तर, वर ताडपत्री घातली होतीत म्हणतां, मग पोरें भिजलीं कशानें?" आम्हांस त्या वेळीं धड उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून आम्हीं पुस्तकें चाळलीं, शाळेच्या मैदानावर तंबू ठोकून त्यावर बादल्या ओतून पाहिल्या. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों. कारण यंदाहि मुलें शिबिरास जाणार आहेत.

सुती तंबू पाऊस मुळांत अडवितो कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. कापड म्हटलें कीं त्यास छिद्रें आलींच. परंतु कापूस पाणी पिऊन फुगतो. त्यामुळें पहिल्या सरीनें सूत फुगतें आणि विणींतील छिद्रें बारीक होतात. नवा तंबू वापरावयास काढण्यापूर्वीं दोन-तीनदां पुरता भिजवून वाळवितात तो याचसाठीं. जीं छिद्रें उरतात त्यांच्या तोंडाशीं पाणी पृष्ठताणामुळें अडून राहतें, आणि छत उतरतें असल्यानें तें खालीं वळचणीकडे वाहून जातें. म्हणजे ओल्या तंबूचें छप्पर हें पाण्याचा एक पातळ पापुद्रा तोलून धरीत असतें. आंतून कोणीं बोट, डोकें किंवा ट्रंकेचा कोपरा त्यास टेंकविला कीं हा तोल मोडतो, आणि त्या ठिकाणीं ठिबक सुरू होते. ती एकदां सुरू झाली म्हणजे बोट काढून थांबत नाहीं. उपाय एकच: त्याच जागेपासून बोट कापडावरून तसेंच खालीं कनातीपर्यंत ओढीत न्यावें, मग पाणी त्या वाटेनें निमूटपणें उतरतें. हा प्रयोग आमच्या मुलांस फार आवडला; इतका, कीं तो बंद करावा लागला.

साध्या पावसास हें पुरतें. परंतु आपल्याकडील मुसळधार पावसाचा थेंब जड व वेगवान असतो. तो कापडावर आदळतो तेव्हां त्या आघातानें पाण्याचा बारीक तुषार आंत उडतो. तंबू गळत नाहीं, तरी अंथरूण दमट होतें, पुस्तकांचीं पानें चिकटतात. यासाठींच अनुभवी लोक तंबूवर दुसरें छत देतात. इंग्रजींत त्यास फ्लाय म्हणतात. हें वरचें छत सुती असलें आणि थोडें पाझरलें तरी बिघडत नाहीं. थेंबाचा जोर तें मोडतें, आणि जें पाणी खालच्या छतावर पडतें तें जोर गेलेलें असल्यामुळें मुकाट्यानें वाहून जातें. कोंकणांत मातीच्या भिंतींस झडीपासून वांचविण्यासाठीं झांवळ्यांचीं झांपें बाहेरून उभीं करितात, त्यांतील हिकमत हीच आहे.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. आम्हीं ताडपत्री थेट कापडावर टाकली. निजलेला माणूस श्वासावाटे व अंगावाटे रात्रभरांत सुमारें पेलाभर पाणी वाफेच्या रूपानें बाहेर टाकतो. सात मुलांचें तें दीड-दोन लिटर होतें. एरव्हीं ही वाफ सुती कापडाच्या छिद्रांतून निघून जाते. प्लास्टिकनें ती वाट बंद झाली, दार तर आम्हीं वाऱ्याच्या भयानें घट्ट बांधलेलें, आणि वरून पावसानें ताडपत्री गार पडलेली. भात शिजतांना झांकणाच्या आंतल्या अंगास जसें पाणी धरतें, तसें तें ताडपत्रीखालीं धरलें, आणि तिला चिकटलेल्या कापडानें पिऊन टाकलें. मुलें आकाशांतल्या पाण्यानें भिजलीं नव्हतीं. तीं आपल्याच श्वासानें भिजलीं.

तंबू पडला त्याचें कारण निराळें. सैल ताडपत्रीस एका बाजूला पोट आलें होतें व त्यांत पाणी सांचत गेलें. एक घनफूट पाण्याचें वजन सुमारें साडेबासष्ट पौंड, म्हणजे २८ किलो भरतें. तें डबकें चार फूट लांब, तीन फूट रुंद व सरासरी तीन इंच खोल धरलें, तरी तीन घनफूट पाणी होतें. वजन सुमारें ८५ किलो! एक धिप्पाड माणूस तंबूवर चढून बसल्यासारखेंच झालें. शिवाय आमचे तणावे तागाचे होते. तागाचा, अंबाडीचा किंवा सुताचा दोर भिजला कीं आंखडतो. सायंकाळीं ते थोडे सैल करावयाचे असतात, हें आम्हांस ठाऊक होतें व आम्ही विसरलों. भिजलेली जमीन, आंखडलेले दोर आणि तें वजन. मेखा किती वेळ टिकणार?

तेव्हां वरचें छत हें तंबूचें पांघरूण नव्हे, तें निराळें छप्पर आहे, असें समजून बांधलें पाहिजे. दोहोंमध्यें निदान वीतभर अंतर हवें. आढ्यापाशीं हातभर असलें तर उत्तम. त्यासाठीं तंबूच्या वर दोन झाडांमध्यें किंवा दोन उंच खांबांवर ताठ दोर ओढून छत त्यावर टाकावें. त्याचे तणावे स्वतंत्र, मेखा तंबूच्या मेखांच्या बाहेर. कडा वळचणीच्या फूटभर तरी पुढें याव्या, म्हणजे पागोळ्या कनातीवर पडत नाहींत. उतार चांगला तीव्र असावा व कापड इतकें ताणलेलें असावें कीं टिचकी मारली तर वाजलें पाहिजे. पुढचें व मागचें तोंड उघडें ठेवावें. मधून वारा खेळला पाहिजे. अंतर असेल तर वरचें छत प्लास्टिकचें असलें तरी चालतें, कारण वाफेस निघून जावयास जागा राहते. मात्र वादळी वाऱ्यांत हेंच छत शिडासारखें फुगतें. तेव्हां तें खालीं उतरवून जवळ ओढावें, आणि अगदींच आवरेनासें झालें तर काढून टाकावें. यंदा आम्हीं मैदानावर असा एक तंबू उभारला, तेव्हां त्या मुलाची आई मुद्दाम येऊन दोन छतांमध्यें हात घालून पाहून गेली. तिनें मुलास पाठविण्याचें कबूल केलें आहे.

ही युक्ति नवी नाहीं. निर्गमाच्या २६ व्या अध्यायांत निवासमंडपाचें जें वर्णन आहे त्यांत आंतले तागाचे पडदे २८ हात लांब, आणि त्यांवरचे बकऱ्याच्या केसांचे पडदे ३० हात लांब सांगितले आहेत. हे दोन हात वायां गेलेले नाहींत: प्रत्येक बाजूस एक एक हात खालीं लोंबून आंतल्या पडद्यांचें रक्षण व्हावें, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. त्यावर पुनः कातड्यांचीं आच्छादनें. आम्हीं हा अध्याय कितीदां वाचला असेल. पण वळचणीचा हिशेब म्हणून तो कधीं डोळ्यांत भरला नव्हता. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत जें यादवी युद्ध झालें त्यांत अधिकाऱ्यांच्या कनातीच्या तंबूंवर व रुग्णालयाच्या तंबूंवर दुसरें छत असे. साध्या शिपायाच्या वांट्यास तें आलें नाहीं. तिकडच्या डोंगरांत आजहि शिकारी लोक अशा तंबूंत लोखंडी शेगडी पेटवितात, व धुरांड्यांतून उडणाऱ्या ठिणग्या तंबूवर न पडतां वरच्या छतावर पडाव्या म्हणून तें ताणतात.

आपल्या देशांत ब्रिटिश अमदानींत जिल्ह्याचे अधिकारी हिवाळ्यांत फिरतीवर निघत, त्यांचेहि तंबू दुहेरी छताचे असत. तेथें मुख्य वैरी ऊन. वरचें कापड तापतें, मधली हवा ऊन होऊन बाहेर निघून जाते, आणि खालचें कापड तितकें तापत नाहीं. उन्हानें सुती कापड कुजतें हेंहि आहेच. तें कुजणें वरच्या स्वस्त छतावर जातें, तंबू वर्षें अधिक टिकतो.

शिबिर हा चार दिवसांचा खेळ झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपानंतर ज्यांचीं घरें गेलीं त्यांस पत्रे, तंबू, ताडपत्र्या यांखालींच संसार मांडावे लागले. अशा आपत्तींत रेडक्रॉस व संयुक्त राष्ट्रांच्या संस्था कुटुंबांसाठीं जो ठराविक तंबू देतात, त्याची मुख्य खोली १६ चौरस मीटरांची असून तो दुहेरीच असतो: बाहेरचें कापड वेगळें, आंतलें वेगळें, मध्यें हवा. कोणास मदतीदाखल नुसती ताडपत्री द्यावयाची असेल, तर तिच्याबरोबर दोर व बांबूहि द्यावे. त्यांवांचून लोक ती आम्हीं टाकली तशीच टाकतील.

राहिली एक गोष्ट. ओला सुती तंबू गुंडाळून ठेवला तर दोन-तीन दिवसांतच त्यावर काळी बुरशी चढते, व तो डाग पुढें जात नाहीं. वर छत असलें कीं खालचा तंबू बहुधा कोरडा राहतो आणि सकाळीं लगेच आवरतां येतो. वाळवावयाचें तें फक्त वरचें. आमचें आतां शाळेच्या मागच्या व्हरांड्यांत दोरीवर टाकलें आहे. त्यावर ओले डबे व सदरे वाळत घालूं नयेत, ही विद्यार्थ्यांस विनंति.