भिवंडीत पाहण्यासारखं काय आहे?

आज राहनाळमध्ये बसून बोलतो आहोत, तर प्रश्नही इथलाच घेऊ. बाहेरगावचा पाहुणा विचारतो, ‘तुमच्या भिवंडीत बघण्यासारखं काय?’ आणि आपण गप्प बसतो. फार तर म्हणतो, ‘गोदामं आहेत!’

आता पाहा, एखादी जागा प्रेक्षणीय कशामुळे ठरते? जुनी असते म्हणून? सुंदर असते म्हणून? तालुक्यातल्याच जागा तपासू.

पहिली, वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ मध्ये वसई जिंकली आणि मग हे देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. पायऱ्या चढून गेलं की तटबंदी किल्ल्याची वाटते. खाली तानसेच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. ही जागा टिकली, कारण माणसं तिथं येत राहिली.

दुसरी, लोनाड. डोंगरातलं अर्धवट राहिलेलं बौद्ध लेणं. भिक्खू गेले, पण पुढे तिथं खंडेश्वरी देवीची पूजा सुरू झाली. शिल्पं कुणाची, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक नसेल. तरी दिवा लागतो. गावात शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. जवळच्याच चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख सापडला. म्हणजे अर्थ बदलला तरी वापर सुटला नाही, की जागा जगते.

इथं आपल्याला एक सूत्र मिळतं: वास्तू नुसत्या दगडावर टिकत नाही, वापरावर टिकते.

पण हे सूत्र पुरेसं आहे का? तिसरी जागा घेऊ, यंत्रमागाचा कारखाना. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इथं हातमाग लावले, विसाव्या शतकात वीज आली आणि गल्लोगल्ली खटखट सुरू झाली. भिवंडीची खरी ओळख हीच. तिला कुणी प्रेक्षणीय म्हटलं नाही, कारण ती रोज वापरात होती! आता धोट्याचे जुने माग भंगारात निघतात, शेडचं गोदाम होतं. ह्या मागाला ना नवस, ना जत्रा. वापर संपला की सांभाळणारं कोण?

अशा वेळी ठरवून सांभाळावं लागतं. आयर्लंडमधल्या किलकेनी गावाचं उदाहरण घ्या. तिथला जुना किल्ला बटलर घराण्याचा. राहणं परवडेना, तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी तो अवघ्या ५० पौंडांत गावकऱ्यांच्या समितीला दिला. आज त्याच किल्ल्यासाठी लोक त्या गावी जातात. किंमत नाममात्र होती. जबाबदारी मात्र गावानं खरीखुरी घेतली.

कुणी म्हणेल, ‘सर, गोदामांनी पोटं भरतात, मागाचं काय घेऊन बसलात?’ बरोबर आहे. गोदामं नकोत असं आपण म्हणतच नाही. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यानं ती इथं वाढली आणि गावाला रोजगार मिळाला. आपलं म्हणणं एवढंच की एक शेड, चार चालते माग आणि ते चालवून दाखवणारा एक जाणता कारागीर, इतकं तरी राखावं. आणि कारागीर आहे तोवरच. माग नंतरही मिळेल. तुटलेला धागा चालत्या मागावर कसा जोडायचा, हे त्याच्या बोटांना माहीत आहे. ते कोणत्या कपाटात ठेवणार?

तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्याला वज्रेश्वरी दाखवा, लोनाड दाखवा, आणि वाटेत एखाद्या कारखान्यात, मालकाला विचारून, दहा मिनिटं जरूर थांबा. इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.