वर्तणुकीचा दाखला

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. कॉलेजातून घरी येऊन मी चहाचे आधण ठेवते न ठेवते, तोच दाराची घंटा वाजली. दारात माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची आई उभी होती. डोळे सुजलेले. खुर्चीच्या कडेवर टेकत ती म्हणाली, "बाई, मुलाच्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. जामिनाच्या अर्जाला जोडायचाय."

प्रकार मला ठाऊक होता. आमच्याच वर्गातल्या एका मुलीच्या स्नेहसंमेलनातल्या साध्या फोटोवरून कोणीतरी तिचे विवस्त्र चित्र तयार केले होते आणि ते मोबाइलवरून घरोघर पोहोचले होते. याला 'डीपफेक' म्हणतात. पूर्वी असल्या उद्योगाला निदान कसब तरी लागे. आता काही मिनिटे पुरतात. संशय या मुलावर आला, त्याचा फोन जप्त झाला आणि गुन्हा दाखल झाला.

"पण बाई, तो फोटो खराच नाही हो! सगळं खोटं आहे. मग गुन्हा कसला?"

मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण या प्रश्नाला मला उत्तर सुचेना. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि रविवारी दादाकडे गेले. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. फौजदारी वकिलीत त्यांचे केस पांढरे झाले आहेत.

"त्या आईचा प्रश्न अगदीच वेडा नाही," दादा म्हणाले. "१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'डीपफेक' हा शब्द नाही. तिचं ७७वं कलम बाईच्या खासगी क्षणांचं चित्र टिपण्याबद्दल आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई तिच्या शरीराच्या चित्राबद्दल. आरोपीचा वकील उभा राहून म्हणणार, 'महाराज, इथे काही टिपलेलंच नाही; शरीर तिचं नाहीच!' आणि तो युक्तिवाद ऐकावा लागेल."

"म्हणजे सुटलाच की!"

"थांब. त्याच कायद्याचं ६७वं कलम अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. चित्रात लैंगिक कृत्य असेल तर ६७ ए: पाच वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड, आणि जामीन हक्काचा नाही, कोर्टाच्या मर्जीचा. म्हणून तर त्या बाईला दाखला हवाय. चित्र खरं की खोटं, हे ही कलमं विचारतच नाहीत. आणि न्याय संहितेचं ३३६वं कलम! कोणाची अब्रू घालवण्यासाठी बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे खोटेपणा हाच गुन्हा."

मग बचाव कशाचा करायचा, असे मी विचारले. दादांनी चष्मा पुसला.

"फोन त्याचा, म्हणून हात त्याचाच होता का? चित्र त्याने बनवलं, की त्याच्याकडे आलं आणि त्याने पुढे ढकललं? फोनमधला पुरावा मधल्या काळात बदलला नाही कशावरून? जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खटला झाला होता, खोतकर आणि गोरंट्याल यांचा. त्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नकलेसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. आता साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमात ते आहे. हे सगळं तपासून घेणं हा खरा बचाव."

"तुम्ही घ्याल अशा मुलाचं वकीलपत्र?"

"घेईन. घटनेच्या २२व्या कलमाने त्याला वकील दिलाय. पण मुलीच्या घरी माणसं पाठवून 'तक्रार मागे घ्या' म्हणायला लावणं, हा बचाव नव्हे. त्याला दडपण म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले. तीन आठवडे ती वर्गात आली नव्हती. माझ्याकडे न बघताच तिने विचारले, "बाई, तुम्ही त्याला दाखला देणार आहात ना?" मी काही बोलण्याआधीच ती पुढे म्हणाली, "ते चित्र खोटं आहे, हे मी कितीजणांना सांगत फिरू? बघणाऱ्यांनी तर ते खरोखरच बघितलंय."

त्या रात्री मी दाखला लिहिला: 'सदर विद्यार्थी दोन वर्षे माझ्या वर्गात आहे. हजेरी नियमित. वर्गातील वर्तनाबद्दल माझ्याकडे तक्रार आलेली नाही. वर्गाबाहेरील वर्तनाची मला माहिती नाही.' शेवटचे वाक्य वाचून त्याच्या आईचा चेहरा उतरला. मी तिला म्हटले, "मला ठाऊक आहे तेवढंच लिहिलंय. तुमच्या मुलाने हे केलं नसेल, तर वकिलांना ते सिद्ध करू द्या. पण 'चित्र खोटं आहे' असं पुन्हा म्हणू नका. त्या मुलीचं दुःखच ते आहे."

वाचकहो, हे तुमच्या घरी न घडो. घडलेच, तर मुलीला 'फोटो काढलासच कशाला?' असे विचारू नका. ते चित्र कोणी, केव्हा, कोठून पाठवले याची नोंद ठेवून थेट पोलिसांकडे जा. आणि असले चित्र तुमच्या मुलाच्या फोनवर आले, तर ते गंमत म्हणूनही पुढे जाऊ देऊ नका. कायदा बनवणाराइतकाच पाठवणाऱ्यालाही जाब विचारतो. आमच्या वर्गातही एकाने बनवलेले चित्र एकट्यानेच फिरवले नव्हते. बाकीचे मात्र रोज माझ्यासमोर बसून सभ्यपणे टिपणे घेत होते!

गणपतीनंतर मुलगी पुन्हा वर्गात येऊ लागली. मुलगा जामिनावर सुटला आहे, पण वर्गात येत नाही. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे समानार्थी शब्द नव्हेत, असे मी मुलांना शिकवते. म्हणून हजेरी घेताना मी दोघांचेही क्रमांक पुकारते. एका क्रमांकाला दबक्या आवाजात 'हजर' येते. दुसऱ्याला उत्तर येत नाही. तरी पटावरचे ते नाव मी खोडलेले नाही. निकाल अजून लागायचा आहे.