पोटात कवटी, नाकात दुर्बीण

डोक्याला जबर मार बसून मेंदू सुजला, तर त्याला पसरायला जागाच नसते. कवटी थोडीच ताणली जाते? मग न्यूरोसर्जन कवटीचा तळहाताएवढा तुकडाच काढून ठेवतात. कुठे? पुष्कळदा पेशंटच्याच पोटावर, कातडीखाली! हाड तिथे सुरक्षित राहतं, त्याला फ्रीझर लागत नाही. सूज उतरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते काढून पुन्हा डोक्यावर बसवायचं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांना हे पहिल्या फटक्यात पटत नसणार.

हाडातून रक्त झिरपू लागलं, तर त्यावर चोळतात मेण. तेही मधमाश्यांचं, थोडं मऊ केलेलं. लंडनच्या व्हिक्टर हॉर्सली यांनी १८९२ मध्ये ही युक्ती मांडली आणि ‘बोन वॅक्स’ची छोटी पुडी आजही ऑपरेशन थिएटरमध्ये असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ आली, तर वाट बहुधा नाकातून. नाकपुडीतून दुर्बीण आत, गाठ बाहेर. डोक्यावरचा एक केसही कापायचा नाही.

मेंदूभोवतीच्या पाण्याची गंमत वेगळीच. एका वेळी ते असतं जेमतेम १५० मिलिलिटर, पण दिवसभरात तयार होतं अर्धा लिटर. म्हणजे रोज तीनेक वेळा सगळं पाणी नवं! निचरा तुंबला की ‘डोक्यात पाणी होतं’. मग कातडीखालून बारीक नळी घालून ते पोटात सोडतात. पाणी किती सुटायचं, ते नळीतली झडप ठरवते.

या झडपेमागे दोन बाप आहेत. १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या जॉन होल्टर या कारागिराने आजारी मुलासाठी झडप बनवली. पुढे १९६० मध्ये न्यूयॉर्कला एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. आतलं तान्हं बाळ होतं लेखक रोआल्ड डाल यांचं, ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’वाले. बाळाच्या डोक्यात पाणी झालं आणि बसवलेली झडप सारखी तुंबायची. डालनी गाठलं कुणाला, तर खेळण्यातल्या विमानांचे चिमुकले पंप बनवणाऱ्या स्टॅन्ली वेड यांना. जोडीला सर्जन केनेथ टिल. १९६२ मध्ये झडप तयार झाली, तोवर डालच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती! इतर हजारो पोरांना मात्र ती बसली, आणि तिघांनीही नफा घेतला नाही. चॉकलेटच्या कारखान्यापेक्षा मला तरी हीच गोष्ट भारी वाटते.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते टाळूला आणि मेंदूच्या आवरणाला. त्यामुळे काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून होतात. २०२० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात गाठ काढताना एक बाई चक्क व्हायोलिन वाजवत होत्या. गाठ डाव्या हाताची बोटं हलवणाऱ्या भागाला खेटून होती. सूर बिघडला, तर सर्जनला लगेच कळणार!

आता आपल्या मुंबईतल्या परळकडे. मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकले, तर मज्जारज्जू दबतो आणि हातापायांतलं बळ जाऊ शकतं. केईएम हॉस्पिटलात डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत बाजूने स्क्रू घालून ते पट्टीने जखडण्याची पद्धत बसवली, सहकारी डॉ. लाहेरींसह १९९४ मध्ये ती छापली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीच्या जागी सळई वापरली. जगभरचे सर्जन आज या पद्धतीला ‘गोयल-हार्म्स’ म्हणतात. नाव गोयलांचं आधी, हे बरं झालं.