चव बदलली, जागा टिकली

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ १९२३ साली सुरू झालं. आजही दुपारी तिथे जेवणाऱ्यांची गर्दी असते. अशा जुन्या हॉटेलांचं कौतुक करताना ‘शंभर वर्षांची चव’ हे शब्द ठरलेले असतात. पण या हॉटेलांचा इतिहास नीट पाहिला, तर चव अनेकदा बदललेली दिसते. टिकून राहिलेली असते ती जागा. ही हॉटेलं उद्याही हवी असतील, तर आधी जागेचा विचार करायला हवा.

ब्रिटानियाचंच पाहू. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. बंदर आणि जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे आल्या. रशीद कोहिनूर यांनी हॉटेल काढलं ते या कचेऱ्यांच्या भरवशावर, आणि सुरुवातीला तिथे मिळे ते साहेबी जेवण, कारण गिऱ्हाईक इंग्रज होतं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागा ताब्यात घेतली, ती परत मिळेपर्यंत १९४७ उजाडलं. इंग्रज गेले, तसे पदार्थही बदलले. ज्या बेरी पुलावासाठी आज लोक लांबून येतात, तो तर स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकांनी आला. रशीद यांचे चिरंजीव बोमन यांच्या पत्नी इराणमध्ये नोकरीला होत्या, तिथल्या झेरेश्क पुलावावरून त्यांनी तो इथे बसवला. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो तो पदार्थ हॉटेलाहून पुष्कळ तरुण आहे. उलट, संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की ओस पडणाऱ्या या भागात हॉटेल मुख्यतः दुपारच्या जेवणापुरतंच उघडं राहत आलं. वेळही जागेनेच ठरवली.

इराण्यांच्या चहाच्या हॉटेलांना तर हे अधिकच लागू पडतं. ही हॉटेलं बहुधा चौकाच्या कोपऱ्यावर असतात. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असं सांगितलं जातं. ते खरं असो वा नसो, दोन रस्त्यांवरून येणारं गिऱ्हाईक आणि दोन्हीकडून येणारा उजेड-वारा हा फायदा उघड आहे. पुण्यात १९३५ साली सुरू झालेल्या ‘कॅफे गुडलक’ने आपला कोपरा इतका व्यापला, की अख्खा चौक गुडलक चौक म्हणून ओळखला जातो. पण संगमरवरी टेबलाशी बसून एक चहा आणि बन मस्का तासभर पुरवणारं गिऱ्हाईक मालकाला परवडायचं, तर भाडं कमी हवं. मुंबईत ते कमी राहिलं कायद्यामुळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हाही जुन्या भाडेकरूंना बरंचसं संरक्षण राहिलं, भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांपुरती ठेवली गेली.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळं श्रेय जागेला दिलं तर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसांचं काय? बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलांमधून फिरत, पाहुण्यांची विचारपूस करत. २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी ते गेले. अशी माणसं नसतील तर चांगली जागाही हॉटेल चालवू शकत नाही, हे मान्यच आहे. पण जागा हातची गेली तर त्यांचे कष्ट मांडायचे कुठे? मुलांना धंद्यात रस उरलेला नाही, हेही नेहमी ऐकू येतं. त्यातही जागेचा हिशेब असतोच: ज्या कोपऱ्याला बँक किंवा कपड्यांचं मोठं दुकान कितीतरी जास्त पैसे मोजायला तयार आहे, तिथे पहाटे उठून पाव भाजायला कोणी का राहावं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गोठवलेल्या भाड्यात घरमालक इमारतीची डागडुजी करू शकत नाही, इमारती खचतात, आणि हॉटेलाच्या स्वस्त चहाचा खर्च प्रत्यक्षात तो एकटा सोसतो. हा अन्यायच आहे. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पण ती दर्शनी भाग, कमानी आणि सज्जे जपते. आत चहा मिळतो की दागिने, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१५ मध्ये वेगळा मार्ग मंजूर केला: तीस वर्षांहून जुन्या, शहराची ओळख बनलेल्या व्यवसायांची नोंद करायची, त्यांना अनुदान द्यायचं आणि त्यांच्याशी किमान दहा वर्षांचा करार करणाऱ्या घरमालकालाही पैसे द्यायचे. खर्च शहर उचलतं, कारण लाभ शहराचा आहे. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांनी निदान अशी नोंदवही तरी उघडावी, आणि पुनर्विकासाला परवानगी देताना नव्या इमारतीच्या तळमजल्यावर जुन्या हॉटेलाला त्याचा कोपरा परत देण्याची अट घालावी.