नेटवर्क मार्केटिंग : चेक येतो, पण कुणाच्या पैशातून?

गेल्या दोन-तीन आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. बारामतीहून एका ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवलाय, तो थोडक्यात सांगतो. त्यांच्या नवऱ्याचा जुना मित्र रविवारी घरी आला. चहा झाला. मग त्याने वही उघडून एक गोल काढला, त्याखाली दोन, त्याखाली चार, आणि म्हणाला, "वहिनी, फक्त दोन माणसं जोडायची." ताई विचारतात, हे कायदेशीर आहे का आणि यातून खरंच पैसे मिळतात का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक जण पहिल्याचं उत्तर ऐकतात आणि दुसऱ्याचंही मिळालं असं धरून चालतात. मीही तेच केलं होतं.

२००८ सालची गोष्ट. डिप्लोमा संपवून मी सांगलीत घरी बसलो होतो. एका मित्राने कोल्हापूरला सेमिनारला नेलं. मंगल कार्यालय, भर मे महिना, आणि स्टेजवरचे सगळे कोट-टायमध्ये. पॅकेज होतं साडेसात हजारांचं. त्यात एक सूटपीस आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सीडींचा संच. तसलं कापड गणपती पेठेत हजार-बाराशेला मिळालं असतं, पण तो विचार त्या हॉलमध्ये कुणी करत नव्हतं. आपल्या खाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक माणूस आला की जोडी जुळते, जोडीचे हजार रुपये. विषय संपला.

माझ्या डाव्या बाजूला अपलाइननेच तीन माणसं टाकून दिली होती. उजवी बाजू रिकामी. कॉलेजचे मित्र फोन उचलेनात. शंभर नावांची यादी करायला सांगितली होती, त्यातली पन्नास खोडून झाली. "तुझी जोडी अडलीय, घरातलं कुणी बघ," असं अपलाइन रोज सांगायचा. मग मी मामीकडे गेलो.

मामी घरी शिवणकाम करायची. गल्लीतल्या पंधरा जणींची भिशी होती, महिना पाचशेची, आणि त्याच महिन्यात तिचा नंबर लागला होता. पंधरा गुणिले पाचशे, साडेसात हजार. मी वही काढली, गोल काढले. तिने ते नीट पाहिलेही नाहीत. म्हणाली, "तू सांगतोयस म्हणजे चांगलंच असणार. सूटपीस ह्यांना होईल का रे?"

मामी उजवीकडे बसली, जोडी जुळली, आणि टीडीएस कापून चेक आला. घरी पेढे वाटले मी. माझी पहिली कमाई.

आता थांबा जरा. ते हजार रुपये आले कुठून? कंपनीने कुठे काही विकून कमावले नव्हते. मामीच्या साडेसात हजारांतलेच ते होते. बाकीचे वरच्यांना आणि कंपनीला गेले. मला तेव्हा हे दिसलं नाही, कारण चेकवर कंपनीचं नाव होतं.

आता गणित करू. कागद-पेन घ्या, सोपं आहे. समजा हे झाड अगदी आदर्श वाढलं. कुणी आळशी नाही, प्रत्येकाने आपली दोन माणसं आणली. भरायचे साडेसात हजार, जोडीला मिळणार हजार. म्हणजे मुद्दल सुटायलाच आठ जोड्या हव्यात, डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ माणसं. तुमच्या खाली तीन ओळी पूर्ण भरल्या तर दोन्हीकडे मिळून चौदा माणसं होतात, सात जोड्या, सात हजार. अजून तोटाच. चौथी ओळ भरली तर फायदा. याचा अर्थ, झाडाच्या सगळ्यात खालच्या चार ओळींतला एकही माणूस मुद्दल काढू शकत नाही. आणि अशा झाडात खालच्या चार ओळींत किती लोक असतात? दर सोळांतले पंधरा.

यातली खोच अशी की झाड कुठेही थांबू दे, आकडा तोच राहतो. दहाव्या ओळीला थांबलं तरी सोळांतले पंधरा, विसाव्याला थांबलं तरी सोळांतले पंधरा. आणि थांबावं तर लागतंच. एकापासून दुप्पट करत गेलात तर अठ्ठाविसाव्या ओळीत १३ कोटी ४२ लाख माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती.

म्हणून "तू मेहनत घेतली नाहीस" हे वाक्य मला आजही टोचतं. मेहनत घेऊन तुम्ही सोळावा माणूस होऊ शकता, नाही असं नाही. पण ते पंधरा जण लागतातच, आणि ते तुम्हीच आणलेले असतात. बहुधा नातेवाईक. भिशीत पंधराव्या बाईलाही तेवढेच साडेसात हजार मिळतात, आणि तिला कुणालाही आणावं लागत नाही.

मग सगळंच थेट विक्रीचं काम खोटं का? नाही. एखादी बाई कंपनीचे डबे किंवा क्रीम कॅटलॉग दाखवून सोसायटीत विकते, घेणारीला ती वस्तू हवी असते, मधलं मार्जिन हिचं. हे दुकानदारीसारखंच काम आहे. पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येतो. घोळ होतो तो माल घेणारे सगळे सभासदच असतात तेव्हा.

कायदाही याच रेषेवर चालतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ मध्ये ॲमवे ही पिरॅमिड योजना नाही असा निर्णय दिला, तो कंपनीच्या काही नियमांमुळे : महिन्याला दहा किरकोळ गिऱ्हाइकं, घेतलेल्या मालातला ७० टक्के माल विकलेला असणं, उरलेला माल परत घेणं. कमाईचे फुगवलेले दावे करू नका, असंही बजावलं. आपल्याकडे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्याच कंपनीची इथली योजना १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याच्या व्याख्येत बसते असं म्हटलं. त्यानंतर २८ डिसेंबर २०२१ ला थेट विक्रीचे केंद्राचे नियम आले. त्यानुसार थेट विक्री चालते, पिरॅमिड योजना चालत नाही, आणि विक्रेता म्हणून नाव नोंदवायला फी घेता येत नाही.

तर ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर : कायदेशीर असू शकतं. कंपनीकडे नोंदणीचे कागद असतील, जीएसटी नंबर असेल, ऑफिस असेल. पण त्यातला एकही कागद दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये ७० एमएलएम कंपन्यांनी स्वतःच छापलेली कमाईची पत्रकं तपासली. बहुतेक लोकांना वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळालेले होते, तेही खर्च वजा न करता.

माझा खर्च मी नंतर मांडला होता. सेमिनारची तिकिटं, पेट्रोल, एक ब्लेझर. चेक शेवटपर्यंत एकच. मामीने कुणालाही जोडलं नाही, आणि मला कधी काही विचारलंही नाही. २०११ ला नोकरी लागल्यावर मी तिचे पैसे परत दिले. "कसले रे हे?" म्हणाली. तिला आठवत होतं, मला माहीत आहे.

पैसे आधीच भरले असतील तर पावती आणि मेसेज जपून ठेवा, माल परत करण्याची मुदत करारात शोधा, आणि कंपनी टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. भरले नसतील तर त्या मित्राला पुढच्या रविवारी पुन्हा चहाला बोलवा. भांडू नका, त्याचीही एक बाजू कुठेतरी अडलेली असणार. फक्त दोन गोष्टी विचारा : शेवटचा चेक किती तारखेचा, आणि सभासद नसलेलं कुणी ही वस्तू तुझ्याकडून दुसऱ्यांदा विकत घेतलंय का?

काय म्हणाला ते मला कळवा. पुढच्या भागात विम्याच्या पॉलिसीबद्दल बोलू.