काठाला बोलू द्या

शिमग्याची राख निवते न निवते तोच चैत्राची चाहूल लागते आणि घरोघरी ट्रंका उघडू लागतात. पाडव्याला काय नेसावे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काय, भाचीच्या लग्नाला काय, याची खलबते सुरू होतात. या प्रांतात पुरुषाने तोंड घालू नये, हे आम्हांस ठाऊक आहे. पण गाणे शिकविणाऱ्याला मेळ आणि बेमेळ यांची सवयच जडलेली असते. म्हणून हे चार शब्द.

वसंतातली पहिली चूक रंगांची. ऋतू रंगांचा, म्हणून सगळेच रंग एकदम अंगावर घ्यायचे! पोपटी साडी, गुलाबी काठ, त्यावर पिवळी चोळी आणि वर मोठमोठी फुले. रागात वादी स्वर एकच असतो, बाकीचे त्याची शोभा वाढवितात. सगळेच वादी होऊ लागले तर राग उरत नाही, गलका उरतो.

ही गोष्ट सीमेवरच्या बायकांना कुणी शिकवावी लागली नाही. बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात मेहकर म्हणून गाव आहे. बुलढाण्याचे मेहकर ते निराळे. हा मुलूख १९५६ साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. नकाशे बदलले, तरी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या बायकांचे लुगडे एकच राहिले. आपण त्याला इरकल म्हणतो, कानडीत इळकल. बागलकोट जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावाचे हे विणकाम.

इरकलीची ठेवण पाहा. अंग साधे किंवा बारीक चौकड्यांचे, रंग बहुधा गडद. त्याला ठसठशीत काठ, आणि पदर लाल रेशमाचा, त्यावर पांढरी नक्षी. रंगाची सारी श्रीमंती काठापदरात. अंग मात्र शांत. बिदरच्या बिदरी भांड्यातही हेच शहाणपण आहे. काळी जमीन मोकळी सोडलेली असते, म्हणून तर चांदीची वेल खुलते. तेव्हा काठ भारी असेल तर अंग साधे घ्यावे, आणि अंगावर फुले असतील तर चोळी एकरंगी असावी.

दुसरी चूक खणाची. गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीसाठी विणला गेला. त्याची नक्षी दाट, कारण जागा थोडी. आज खणाची अख्खी साडी निघते, झगे निघतात, पिशव्यासुद्धा निघतात. हौसेला आमची ना नाही. पण खणाची साडी नेसून वर खणाचीच चोळी आणि गळ्यात ठुशी, मोहनमाळ, लफ्फा असे सगळेच घातले, तर पाहणाऱ्याची नजर कोठेच ठरत नाही. अशा वेळी चोळी साधी असावी आणि गळ्यात एकच दागिना.

तिसरी चूक कापडाची, आणि ही अंगाला बाधते. चैत्र लागला की या पठारावर दुपार तापू लागते. संक्रांतीला उबेसाठी नेसलेली काळी चंद्रकळा चैत्रातल्या उन्हात नेसली तर जीव नकोसा होतो, कारण काळा रंग ऊन शोषून घेतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर अंगावरचा घाम टिपत नाहीत. दुकानातल्या दिव्याखाली सळसळणारी साडी मांडवात अंगाला चिकटते. सुती अंगाची इरकल किंवा साधे सुती पातळ या दिवसांत सुखाचे. भारी रेशीम नेसायचेच तर संध्याकाळी नेसावे.

चौथी चूक शिवणकामाची. चोळी अंगाबरोबर बसावी, पण श्वास अडवू नये. काखेत आवळलेली चोळी घालून गाणाऱ्या मुलीची तान अर्ध्यावर तुटते आणि दोष तिच्या गळ्याला दिला जातो. चोळी घेताना उभे राहून आरशात पाहावे, तसेच मांडी घालून बसून, हात वर करून, पोटभर श्वास घेऊनही पाहावे.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. अत्तर जरीवर लावू नये, जर काळवंडते, मनगटाला लावावे. हळदीकुंकवाला पन्हे आणि आंब्याची डाळ असते. रेशमी पदर खोचून बसावे. मोगऱ्याचा गजरा माळला असेल तर कागदी फुलांची त्यात भर नको.

सर्वांत मोठी चूक मात्र नेसणारीची नसते, सांगणाऱ्यांची असते. ‘तू सावळी, तुला फिकेच रंग घे,’ हे वाक्य किती मुलींनी ऐकले असेल! हे ऐकून मुलगी आरशासमोर उभी राहायचीच टाळते. डाळिंबी, गर्द हिरवा, मोरपंखी हे इरकलीचे रंग सावळ्या अंगावर जसे उजळतात तसे क्वचितच कोठे. तशीच ‘इरकल म्हणजे खेडवळ’ ही समजूत. आजीचे लुगडे नेसायला लाजणारी नात त्याच्याच छापील नकलेला शहरात दाम मोजते.

नक्कल ओळखण्याची एक खूण सांगून ठेवतो. खऱ्या हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो. दोन्हींचे धागे एकमेकांत फास्यांनी अडकवून जोडतात. कानडीत याला तोप तेनी म्हणतात. अंग संपून पदर सुरू होतो तेथे ही सांध्याची रेघ दिसते. छापील मालात ती नसते. एकेक धागा गुंतवून हा सांधा साधावा लागतो. यंत्राचा स्वस्त माल पुढे येऊ लागला की असे कसबी हात माग सोडून दुसरी कामे शोधतात.

तेव्हा यंदा पाडव्याला तीन स्वस्त साड्यांऐवजी एकच नीट पारखून घ्यावी. सांधा पाहावा, अंग साधे निवडावे आणि काठाला बोलू द्यावे.